ऑफच्या दिवशी घरीच सिनेमे बघायचेत. कोणते आणि कुठल्या क्रमाने?

रातपाळीची सिस्टर (सोलापूर)

मंडळी, पुढच्या गुरुवारी मला ऑफ आहे. नाईटनंतरचा नाही, त्यात माणूस नुसतं झोपतं. सकाळपाळी करून घरी यायचं आणि दुसरा दिवस सगळा मोकळा, असा ऑफ. इन्चार्ज सिस्टरांनी तक्त्यावर लिहिला त्या क्षणी मी फोटो काढून ठेवलाय. नंतर कुणी "जरा अॅडजस्ट कर ना गं" म्हणायला नको.

त्या दिवशी बाजार नाही, बँक नाही, माळा आवरणं नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत सिनेमे, तेही घरीच.

घरची परिस्थिती सांगते. ह्यांची कचेरी, साडेनऊला जातात ते सहाला येतात. मुलगी सातवीत, तिची शाळा साडेपाचला सुटते. आणि सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, त्या दिवसभर घरात. आत्यांना दिवसाढवळ्या टीव्ही लावलेला आवडत नाही, पण एकदा लावला की जागच्या उठतही नाहीत. शेंगा फोडत बसतात आणि दर पाच मिनिटांनी, "ही ह्याची कोण?" ते सांगेपर्यंत ती मरून गेलेली असते. त्यांना मराठीच लागतं. खाली अक्षरं येणारे सिनेमे नकोत, वाचत बसलं की चित्र राहून जातं म्हणतात, आणि ते खरंच आहे.

पण माझी खरी अडचण वेगळी आहे. असा ऑफ मिळतो तेव्हा एक सिनेमा धड पुरा होत नाही. अॅप उघडायचं, पोस्टरं सरकवत बसायचं, हा बघू का तो, तोवर चहाचं गार पाणी. लावलाच एखादा, तर कुकर, मग कुरिअरवाला, मग वॉर्डातून फोन, "सिस्टर, त्या पेशंटची फाईल कुठं ठेवलीत?" थांबवायचं, परत लावायचं. संध्याकाळी ह्यांनी विचारलं काय बघितलं, तर सांगायला चार सिनेमांची सुरुवात.

टीव्ही ४३ इंची, खिडकी पश्चिमेला. कूलर लावला की संवाद ऐकू येत नाहीत, आणि बंद ठेवायचा तर हे सोलापूर आहे. जेवणाची काळजी नको. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. गॅस पेटेल तो फक्त चहाला.

तर सुचवा. मारामारी नको आणि हॉस्पिटल तर अजिबात नको. पडद्यावर कुणाला सलाईन लावलेलं दिसलं की माझी नजर आधी ड्रिपच्या थेंबांवर जाते. हीरो काय बोलतोय ते ऐकूच येत नाही मग.

---

चहाबिस्किट

'अशी ही बनवाबनवी'. मध्ये जेवण. मग परत 'अशी ही बनवाबनवी'. १९८८ पासून ह्याच्यापेक्षा खात्रीचं औषध आलेलं नाही, आणि आत्यांना कोण कुणाची कोण हे विचारायची पूर्ण मुभा, कारण त्या सिनेमातल्या लोकांनाही ते माहीत नसतं.

---

अर्धी पोळी

सिस्टर, एका दिवसात चार सिनेमे कशासाठी? मी मागे एका सुट्टीत असाच सपाटा लावला होता. रात्री अंथरुणावर पडल्यावर कुठल्या सिनेमातली आई गेली आणि कुठल्यातली परत आली तेच लागेना. दोन बघा, फार तर.

त्यातला एक मात्र 'किल्ला' असू द्या, मुलगी घरी आल्यावर. अमृता सुभाष सरकारी नोकरीतली आई, बदली होऊन कोकणात आलेली, सोबत सातवीतला मुलगा. बाप नाही. मुलाला नवी शाळा, नवी पोरं, आणि आईला कचेरीतलं राजकारण. दोघं एका घरात राहतात पण एकमेकांना काही सांगत नाहीत. बर्लिनला २०१४ साली मुलांच्या परीक्षक मंडळाने ह्याला बक्षीस दिलं होतं. मोठ्यांनी दिलेल्या बक्षिसापेक्षा मला तेच जास्त पटतं. शिवाय पाऊस. कूलरसमोर बसून कोकणातला पाऊस बघायचा, आणखी काय पाहिजे सोलापुरात?

---

जुना ऑपरेटर

सिस्टर ताई, नमस्कार. मी तालुक्याच्या गावी टॉकीजवर ऑपरेटर होतो. कार्बनच्या मशीनवर शिकलो, पुढं झेनॉनचा दिवा आला त्यावर काढली बरीच वर्षं. मग रिळं गेली, सिनेमा सॅटेलाइटवरून यायला लागला, माझ्याकडं बटण दाबायचं काम राहिलं. ते मी सोडलं.

सिनेमे कोणते हे कुणीही सांगेल. तुमचं दुखणं आहे ते थांबवायच्या बटणाचं. टॉकीजमध्ये रीळ सुटलं की सुटलं. गावचे पुढारी उशिरा आले तरी खेळ मागं जात नव्हता. ज्याचं पहिलं गाणं हुकलं त्याचं हुकलं, तो पुढच्या आठवड्यात परत यायचा. लोकांना ते माहीत होतं म्हणून लोक वेळेवर यायचे, लघवी करून यायचे, पोराला पाजून यायचे. घरी सिनेमा तुमच्यासाठी थांबतो, म्हणून कुकर, कुरिअर आणि वॉर्ड ह्यांना पण वाटतं की सिनेमा थांबेल.

तेव्हा घरात खेळ लावा. आमचे चार खेळ ठरलेले असायचे, १२, ३, ६, ९. तुम्ही तेच ठेवा. बुधवारी रात्री कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. सकाळ मोकळी सोडा, अंघोळ-पूजा-झाडलोट सगळं बाराच्या आत. आणि पोस्टरं सरकवायचं काम पण बुधवारीच. आमची पेटी आदल्या रात्री एसटीने यायची, ती आली की मी प्रिंट हातावरून फिरवून बघायचो, कुठं फाटलंय, कुठं जोड सुटलाय. तुम्ही चारही सिनेमे सापडतात का, आवाज येतो का, दोन-दोन मिनिटं लावून बघा. गुरुवारी शोधाशोध नाही.

आता कुठल्या खेळाला काय.

बाराला आमच्याकडं कॉलेजची पोरं यायची, तास बुडवून. हलकं पाहिजे. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' लावा, दीड तासाच्या थोडासा वर आहे. फाळक्यांनी पहिला सिनेमा कसा काढला त्याची गोष्ट, पण सगळी हसत-खेळत. घरातलं फर्निचर विकतात, विम्याची पॉलिसी गहाण टाकतात, तारामती व्हायला बाई मिळत नाही म्हणून हॉटेलातला स्वयंपाकी उभा करतात, अण्णा साळुंके. हे सगळं खरं घडलेलं. ३ मे १९१३ ला गिरगावात कॉरोनेशनला सिनेमा लागला. त्यात सरस्वतीबाईंकडं लक्ष ठेवा. कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायची असायची, ती त्या माउलीने अंधारात बसून पाडलीत, घरातल्या सगळ्यांचा स्वयंपाक करून. ती भोकं नसती तर पुढं माझ्यासारख्याला मशीनमध्ये काय अडकवायला मिळालं असतं?

तीनचा खेळ बायकांचा. दुपारची झाकपाक करून डब्यात शेंगा-फुटाणे घेऊन यायच्या. तो आत्यांचा. 'संत तुकाराम', प्रभातचा, १९३६. यूट्यूबवर आहे. मुंबईत एकाच थेटरात वर्षाच्या वर चालला होता आणि पुढच्या वर्षी व्हेनिसला जाऊन नाव काढून आला. लोक विष्णुपंत पागनिसांसाठी बघतात, मी आवलीसाठी बघतो. नवरा अभंगात, घरात दाणा नाही, पोरगं तापाने फणफणलेलं, आणि ही बाई चप्पल घेऊन थेट विठोबापुढं जाऊन उभी राहते. गौरीबाईंनी ते असं केलंय की हसावं का रडावं कळत नाही. आत्यांना गोष्ट पाठ असणार, त्यामुळं "ही कोण" हा प्रश्न त्या दिवशी तुम्ही त्यांना विचारा.

सहाला 'किल्ला', वर सांगितलाय त्याप्रमाणे.

नऊचा खेळ दुकानं बंद करून आलेल्यांचा, म्हणजे तुमच्या साहेबांचा. 'सिंहासन', १९७९, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून. रंगीत नाही, आणि रंगीत नाही तेच बरं आहे. कचेरीत काम करणारा माणूस मध्येच उठून जाणार नाही ह्याची हमी माझी.

दोन नियम. एक, मध्यंतर. कित्येक सिनेमांत ती पाटी अजून येते, टीव्हीवर दोन सेकंद दिसते आणि लोक बघत पण नाहीत. तिथंच थांबायचं, दुसरीकडं कुठंही नाही. दिग्दर्शकाने ती जागा विचार करून ठेवलेली असते. पाटी नसेल तर निम्म्यावर तुमची तुम्ही घ्या. चहा, फोन, वॉर्ड, सगळं त्या दहा मिनिटांत.

दुसरा, आत्यांना गप्प करू नका. आमच्या तीनच्या खेळाला बायका सिनेमाभर बोलायच्या. व्हिलनला शिव्या, सासूला शिव्या, शेजारणीला गोष्ट समजावून सांगणं. केबिनमध्ये मशीनच्या आवाजावर मला ते ऐकू यायचं. बोलत बघितलेला सिनेमा चालतो. थांबवत बघितलेला नाही चालत.

---

तारायंत्र

ऑपरेटरकाकांना दंडवत. मी फक्त टीव्हीचं बोलतो, तेही बुधवारी रात्री करून ठेवा.

संवाद ऐकू न येण्यात सगळाच दोष कूलरचा नाही. आजकालच्या सिनेमांचा आवाज पाच-सहा स्पीकरांसाठी बनवलेला असतो, त्यात संवाद मधल्या स्पीकरला दिलेले. तुमच्या टीव्हीला स्पीकर दोन, तेही मागच्या बाजूने भिंतीकडे किंवा खाली तोंड करून. अॅपमध्ये आवाजाच्या पर्यायांत '५.१' निवडलेलं असेल तर साधं 'स्टिरिओ' करा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'संवाद स्पष्ट' किंवा 'स्पीच' असं काही असेल तर तेही चालू करा. आणि कूलर टीव्हीच्या शेजारी असेल तर तो तुमच्या मागे आणा. आवाज तेवढाच राहतो, पण संवाद आणि घरघर एकाच दिशेने येत नाहीत.

चित्राचं. दुकानातून टीव्ही आला तेव्हा तो बहुतेक 'व्हिविड'वर असेल, भडक आणि निळसर. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा. पहिली पाच मिनिटं पिवळट वाटेल, मग डोळा बसतो. दुपारी पश्चिमेचं ऊन आलं तर खिडकीला जाड चादर लावा. ब्राइटनेस वाढवून काही होत नाही, काळं ते राखाडी दिसतं.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. नवे टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने तयार करून घालतात, म्हणून किल्ल्यावरचा पाऊससुद्धा सासू-सुनेच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय, पण नावात 'मोशन' हा शब्द बहुतेक सापडेल. बंद करा.

'संत तुकाराम' जवळपास चौकोनी येईल, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. घरातलं कुणीतरी "पडदा भरून कर" म्हणणारच. करायचं नाही. ताणलं की तुकोबा पैलवान दिसतात.

---

रातपाळीची सिस्टर

सगळ्यांचे आभार. फ्रिजवर कागद लागला. आत्यांनी वाचला आणि म्हणाल्या, "तिकीट किती?" चहाबिस्किट, रागवू नका, बनवाबनवी मी भांडी घासताना नुसती ऐकते, त्याला ऑफ खर्च करत नाही.

शुक्रवारी कळवते.

---

रातपाळीची सिस्टर

शुक्रवार नाही, आज रविवार उजाडला. शुक्रवारी ड्युटीवर गेले ती सरळ डबलच लागली.

बाराचा खेळ बाराला सुरू झाला. आत्या पूजेतून उठून आल्या, मी जमिनीवर, त्या खाटेवर. फर्निचर विकायचा प्रसंग आला तसं आत्यांनी आमच्या कपाटाकडं बघितलं. ते कपाट त्यांच्या लग्नातलं आहे. बाकी काही बोलल्या नाहीत, पण मुलगी संध्याकाळी आल्यावर तिला आधी हेच सांगितलं, "एक माणूस होता, त्याने घर विकून खेळ काढला."

तीनचा खेळ हा त्या दिवसाचा कळस. चादर लावली होती, खोली अंधारी, कूलर मागं. आत्यांनी शेंगांची पाटी मांडीवर घेतली आणि पहिल्या अभंगाला सोलायच्या थांबल्या त्या थांबल्याच. आवली चप्पल घेऊन निघाली तसं म्हणाल्या, "जा, जा, विचार त्याला." विठोबाला! आमच्या आत्या, ज्यांची दर महिन्याची एकादशी चुकत नाही. नंतर मध्यंतराला म्हणाल्या, हा मी गड्ड्याच्या जत्रेत तंबूत बघितला होता, सिद्धेश्वराच्या यात्रेला, तेव्हा माझ्या कडेवर तुझा नवरा होता आणि तो सगळा वेळ रडला. म्हणजे इतकी वर्षं त्यांचा तो सिनेमा अर्धवटच राहिलेला. ह्यांना सांगितलं तर म्हणतात माझी काय चूक.

सहाला फोन आलाच. इन्चार्ज सिस्टर. मुलगी म्हणाली, "मध्यंतर झालेलं नाही." मी फोन उलटा ठेवला. पाय मात्र हलत होता माझा, खोटं कशाला सांगू. निम्म्यावर थांबून फोन केला तर काय, उद्या एकजण रजेवर आहे, डबल करशील का? केलीच नंतर. पण तेवढा अर्धा सिनेमा तरी माझा झाला. 'किल्ला'बद्दल मी काही लिहीत नाही. माझीही एकदा बदली होता होता राहिली होती, आणि मुलीने सिनेमा संपल्यावर विचारलं की परत निघाली तर मला आधी सांगशील ना. अर्धी पोळी, तुमचं त्यातलं वाक्य बरोबर होतं, दोघं एकमेकांना काही सांगत नाहीत ते.

नऊला हे जेवून बसले आणि पंधरा मिनिटांत पडद्यावरच्या प्रत्येकाला ओळखायला लागले. हा म्हणजे आमच्या कचेरीतला अमका, तो म्हणजे तमका. अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री शांतपणे पान लावावं तसं एकेकाला जागेवर बसवत होते आणि हे मान डोलवत होते. निळू फुले पत्रकार म्हणून दिसले तेव्हा आत्या आतून ओरडल्या, "तो आहे का? बाईमाणसांनी सांभाळा." त्यांना सांगितलं, आत्या, ह्यात तो चांगला आहे. विश्वास बसला नाही. उठून आल्या आणि शेवटपर्यंत त्याच्यावर नजर ठेवून होत्या.

तारायंत्र, ते 'मोशन'वालं बंद केल्यावर टीव्ही नवा आणल्यासारखा वाटतोय. शेजारच्या वहिनींच्या टीव्हीवर पण जाऊन करून आले.

ऑपरेटरकाका, मुलीचा एक प्रश्न आहे. तुमचा मजकूर तिला वाचून दाखवला. ती विचारते, रीळ संपलं की दुसरं लावेपर्यंत पडदा काळा व्हायचा का? मग लोक ओरडायचे नाहीत?

---

जुना ऑपरेटर

मुलीला म्हणावं शाब्बास. हा प्रश्न आमच्या मालकांनी पण कधी विचारला नव्हता.

हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे चौदा-पंधरा रिळं. सिनेमाच्या आधी सेन्सॉरचा कागद पडद्यावर येतो ना, त्यावर आकडा असायचा. सोळा-सतरा दिसले की पोरं शिट्ट्या मारायची, पैसे वसूल म्हणून.

केबिनमध्ये मशीन दोन. एकावर रीळ चालू, तोवर दुसऱ्यावर पुढचं भरून तयार ठेवायचं. भिंतीला छोटी काचेची खिडकी, तिच्यातून पडदा बघत उभं राहायचं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बारीक ठिपका चमकतो, डोळ्याची पापणी लवेल इतकाच वेळ. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका. तेव्हा एका हाताने ह्या मशीनची झडप बंद, दुसऱ्या हाताने त्या मशीनची उघडायची. जमलं तर खाली कुणाला कळत पण नाही. नाही जमलं तर पडदा पांढराफट्ट आणि माझ्या आईचा उद्धार.

प्रिंटवरून उतरवलेल्या जुन्या सिनेमांत तो ठिपका अजून सापडतो. 'किल्ला'त शोधू नको म्हणावं, तोवर रिळं गेलीच होती. काळ्या-पांढऱ्या सिनेमात बघ. सुरुवातीपासून घड्याळ लावून बसायचं, आणि दोन रिळं एकत्र जोडलेली असतील तर वीस-बावीस मिनिटांनी नजर उजव्या कोपऱ्यात. आजीला पण सांग, त्यांची नजर निळू फुलेंवर असते, तीच जरा वर न्यायची.